उत्तर शून्य येतंय? पुस्तक नाही चुकलं, टी चुकलाय

बेटा तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. शून्य ते २ पाय, १ भागिले (५ + ४ कॉस एक्स) याचं इंटिग्रल, टी बरोबर टॅन एक्स बाय २ घेतलं, उत्तर शून्य, मागे छापलंय २ पाय बाय ३, आणि क्लासचे सर म्हणतात आन्सर की चुकीची आहे. हेच गणित, हेच शून्य आणि हेच वाक्य मी बारावीत ऐकलंय, इथेच नागपुरात.

टी घातल्यावर खाली टी स्क्वेअर अधिक ९ येतं, वर २, म्हणजे २ बाय ३ टॅन इन्व्हर्स टी बाय ३, इथपर्यंत तुझं सगळं बरोबर आहे, ते परत करत नाही. गडबड लिमिटची आहे. एक्स शून्य असताना टी शून्य, एक्स २ पाय असताना पण टी शून्य, म्हणून तू दोन्हीकडे शून्य टाकलं. पण मधे एक्स पाय होतो नं, तिथे टॅन ९० डिग्री, टी अनंताला जाऊन पलीकडे उणे अनंतावरून परत येतो. सबस्टिट्यूशन पूर्ण इंटरव्हलमधे सलग पाहिजे, इथे ते मधेच तुटतं. गंमत बघ, तुझं अँटीडेरिव्हेटिव्ह, म्हणजे तेच २ बाय ३ टॅन इन्व्हर्स टी बाय ३, पायच्या अलीकडे पाय बाय ३ असतं आणि पलीकडे एकदम उणे पाय बाय ३, म्हणजे जितकी उडी पडली तितकंच, २ पाय बाय ३, तुझ्या उत्तरातून गायब झालं!

मार्ग तुमच्याच पुस्तकात आहे. कॉस (२ पाय वजा एक्स) म्हणजे कॉस एक्सच, म्हणून शून्य ते २ पायचं इंटिग्रल म्हणजे शून्य ते पायच्या दुप्पट. आता टी शून्य ते अनंत, टॅन इन्व्हर्स अनंत म्हणजे पाय बाय २, झालं.

आता जे सांगायला बसले ते. आमच्या क्लासची फी वर्षाच्या सुरुवातीलाच पूर्ण घ्यायचे, आणि डाउट काउंटरवर टोकन घेऊन तासभर उभं राहिल्यावर जो बसलेला असायचा तो वही बघायचा पण नाही, स्टेप्स बरोबर आहेत, आन्सर की चुकली, सीईटीला येत नाही, नेक्स्ट. अर्धा मिनिट. मला राग स्टेप न सांगितल्याचा नाही, माहीत नसेल तर उद्या सांगतो म्हणावं, कोणी काही म्हणत नाही. राग याचा की पोराला छापील उत्तर आणि स्वतःचं उत्तर यातलं अंतर शोधायचंच नाही असं शिकवून टाकलं. पुढे इंजिनिअरिंगला काँप्लेक्स इंटिग्रेशनमधे हेच गणित युनिट सर्कलवर आलं, आत एकच पोल (जिथे खालची किंमत शून्य होते तो बिंदू), उणे अर्ध्यावर, त्या पोलवरून उत्तर देणारा आकडा, म्हणजे रेसिड्यू, काढला आणि उत्तर तेच २ पाय बाय ३. तेव्हा कळलं की पुस्तक पहिल्यापासून बरोबर होतं, आणि मधली सगळी वर्षं मी इंटिग्रेशनला घाबरून ऑप्शनला टाकत आले ते काहून.

माझं मत विचारशील तर कुठलंही डेफिनिट इंटिग्रल हातात आलं की आधी अंदाज काढ, मग सोडव. इथे खालची किंमत १ ते ९ मधे फिरते, म्हणजे फंक्शन कधीच १ बाय ९ च्या खाली जात नाही, म्हणजे उत्तर कमीत कमी २ पाय बाय ९, साधारण ०.७. जे सगळीकडे पॉझिटिव्ह आहे त्याचं क्षेत्रफळ शून्य कसं येईल? एवढं एक वाक्य काउंटरवर कोणी बोललं असतं तरी पुरलं असतं.

मी शिक्षिका नाही, बोर्डात कुठल्या स्टेपला किती मार्क देतात ते कॉलेजच्या मॅडमना विचार, माझी बारावी होऊन बराच काळ झाला. आणि क्लास सोड असं मी म्हणत नाहीये, सगळे क्लास असे नसतात, फक्त आन्सर की चुकली म्हणणाऱ्याला "मग बरोबर उत्तर किती?" एवढं विचारच, घाबरू नको. मोबाईलवर वुल्फ्राम अल्फा या गणितं सोडवणाऱ्या साइटमधे टाकून आकडा जुळवून बघायलाही हरकत नाही, पण स्वतः करून झाल्यावर.

आता हे करून बघ, त्याच लिमिटमधे १ भागिले (२ + कॉस एक्स). २ पाय भागिले रूट ३ यायला पाहिजे. अडलीस तर वहीच्या पानाचा फोटो टाक, खोडलेलं पण दिसू दे, चूक बहुतेक त्यातच सापडते.