वाचकांचे प्रश्न : पेट्रोल पिकअपला उभी धुराडी

प्रश्न : माझ्या पिकअपला ५ लिटरचे व्ही-८ पेट्रोल इंजिन आहे, टर्बो नाही. मागच्या चाकाजवळ निघणारा ३ इंची पाइप काढून केबिनमागे हौद्यात ५ इंची दोन उभे स्टॅक लावायचे आहेत. डिझेलवाले सरळ ५ इंची पाइप टाकतात. तसेच केले तर चालेल का? ताकद वाढेल की घटेल?

उत्तर : बाहेरून ५ इंची खुशाल लावा, पण धूर जाण्याची वाट ५ इंची करू नका. टर्बो डिझेलमध्ये टर्बोच्या पुढे पाइप जितका मोकळा तितके बरे, म्हणून त्यांना ते परवडते. तुमच्याकडे ३ इंची पाइपातला धूर एका ५ इंची पाइपात शिरला की त्याचा वेग तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर राहतो, आणि दोन स्टॅकमध्ये वाटला गेला की पाचव्या हिश्शाच्याही खाली येतो. सावकाश जाणारा धूर वाटेतच थंड होतो, पाणी सोडतो, आणि गाडी उभी असताना आवाज रिकाम्या पिंपासारखा येतो.

ताकदीचे म्हणाल तर फार फरक पडणार नाही, ना इकडे ना तिकडे. ‘इंजिनाला बॅक प्रेशर (धुराला मागे अडवणारा दाब) लागते’ ही गॅरेजमधली जुनी समजूत आहे. खरे तर लागतो तो धुराचा वेग, आणि त्याचा खरा उपयोग मॅनिफोल्डपासून (इंजिनातून धूर गोळा करणारा पहिला पाइप) कॅटपर्यंतच (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असतो. मफलरच्या (आवाज दाबणारा डबा) मागे केलेल्या बदलाने दिसणे आणि आवाज बदलतो. ताकदीसाठी स्टॅक लावायचा विचार असेल तर तो पैसा टायरवर घाला.

मापे अशी धरा. ३ इंची पाइपाला वाय (एका पाइपाचे दोन करणारा इंग्रजी Y आकाराचा जोड) जोडा आणि पुढे २¼ इंची दोन पाइप न्या. दोन्हींचे मिळून क्षेत्रफळ मूळ पाइपापेक्षा साधारण १२ टक्के जास्त होते, म्हणजे जवळजवळ तेवढेच. २¼ चे बेंड मिळाले नाहीत तर २½ चालेल, पण मग क्षेत्रफळ ३९ टक्क्यांनी वाढते. हा पाइप ५ इंची स्टॅकच्या आतून वर न्या आणि तोंडाच्या ५-७ सेंमी खाली थांबवा. आतला पाइप खालच्या बाजूला रिंग प्लेटने बाहेरच्या नळीला वेल्ड करा. वर मात्र वेल्ड नको. तीन बाजूंनी छोट्या पट्ट्या लावून तो फक्त मधोमध धरा. दीड मीटर साधी पोलादी नळी ३०० अंशांनी तापली की ५ मिमीहून जास्त लांबते. दोन्ही टोके जखडली तर ती रिंगपाशी तडकते. या रचनेचा आणखी एक फायदा म्हणजे बाहेरची क्रोमची नळी निळी पडत नाही. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा गरम असल्याने उघड्या क्रोम स्टॅकचा एल्बोजवळचा (वळणाजवळचा) भाग लवकर निळा-तांबडा होतो.

प्रश्न : मूळ पाइप नेमका कुठे कापायचा? वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी कोणते सामान आणून ठेवू?

उत्तर : मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आणि मफलरच्या मागे कापा. कॅट, सगळे सेन्सर आणि मफलर जागचे हलवायचे नाहीत. कॅट काढणे बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि स्टॅकसाठी तशी गरजही नसते. वाढलेली उंची आणि बदललेला पाइप तुमच्या नोंदणीत चालतो का, हे कापण्याआधीच विचारून घ्या. छतावरून वर येणारे तोंड गेटला किंवा पार्किंगच्या छताला लागणार नाही ना, तेही मोजा.

सामान : ३ इंचातून २¼ च्या दोन वाटा काढणारा वाय, २¼ चे ९० अंशांचे चार मँड्रेल बेंड (आतून आधार देऊन वाकवलेले; साधा वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो), ३ इंची २० सेंमी लांबीचा फ्लेक्स (लवचीक) पाइप, पट्टी क्लॅम्प, रबरी हँगर, ३ मिमी जाडीच्या दोन तळप्लेट आणि स्टॅक धरायला उभी कमान. ५ इंची, १.८ मीटर उंच, दीड मिमी जाडीची नळी एकटीच साडेआठ किलो भरते, आतला पाइप धरून बारा किलोच्या वर जाते. नुसत्या तळप्लेटवर हा भार पेलत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर हौद्याचा पत्रा बोल्टांभोवती फाटतो. कमानीचा यू क्लॅम्प स्टॅकच्या दोन-तृतीयांश उंचीवर यावा आणि प्लेट हौद्याखालच्या आडव्या पट्टीवर बसावी.

सगळ्यात जास्त काम बिघडते ते इथेच. केबिन आणि हौदा हे वेगवेगळ्या माउंटिंगवर बसलेले असतात, आणि खराब रस्त्यावर एकमेकांच्या उलट हलतात. शिवाय ॲक्सिलरेटर दिला की इंजिन माउंटवर कलते आणि पाइपाला पीळ पडतो. स्टॅक केबिनला कधीच बांधू नका, तळ आणि कमान दोन्ही हौद्यावरच ठेवा. खालचा पाइप चेसिसला रबरी हँगरने टांगा आणि फ्लेक्स वायच्या आधी टाका. फ्लेक्स नसेल तर पहिला तडा वायच्या काखेत, वेल्डच्या कडेला जातो. तो पुन्हा वेल्ड केला तरी शेजारून तडकतो.

हौद्याला भोक पाडण्याआधी खालून बघा. टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग कुठून गेले आहे ते पाहून आधी बारीक ड्रिल मारा आणि खात्री झाली की ११५ मिमीचे भोक घ्या. २¼ च्या पाइपाभोवती त्यामुळे सगळीकडून एक इंचाहून थोडे जास्त मोकळे राहते. कापलेली कड लगेच रंगवा. प्लॅस्टिकचा बेडलायनर असेल तर तो भोकाच्या कडेपासून १५ सेंमी मागे कापा. टाकीजवळून पाइप न्यावाच लागला तर मध्ये पत्र्याची ढाल लावा, पाइप आणि ढाल यांत हवा खेळती ठेवा.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा, म्हणजे करंट ईसीयूतून (इंजिन चालवणारा संगणक) फिरत नाही. ॲल्युमिनियमचा थर असलेला पाइप असेल तर जोडापाशी तो ग्राइंडरने काढा. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप वापरू नका, जस्ताच्या धुराने वेल्डरला ताप भरतो. साध्या पोलादाला स्टेनलेस जोडताना ३०९ ची (स्टेनलेसची एक जात) वेल्डिंग वायर घ्या. आधी सगळे टॅक करा (ठिपक्याठिपक्याने तात्पुरते जोडा), इंजिन चालू करून गियरमध्ये टाका, कुठे पाइप घासतो ते बघा आणि मगच पूर्ण वेल्ड मारा.

प्रश्न : स्टॅक लावल्यापासून चेक इंजिनचा दिवा लागतो. गाडी तशी ठीक चालते.

उत्तर : जोड गळत असणार. धूर धक्क्याधक्क्याने जातो आणि दोन धक्क्यांमध्ये पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. त्या क्षणी फटीतून हवा आत ओढली जाते. ही हवा पुढच्या सेन्सरपर्यंत पोचली की ईसीयूला वाटते पेट्रोल कमी पडते आहे, आणि तो जास्त सोडतो. स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी०१७१ किंवा पी०१७४ (पेट्रोल कमी पडते) आला तर मॅनिफोल्डपासून पुढच्या सेन्सरपर्यंतचे गॅस्केट आणि जोड बघा. जुना पाइप ओढताना तिथला एखादा बोल्ट सैल होतो. पी०४२० (कॅट नीट काम करत नाही) आला तर मागच्या सेन्सरच्या आसपासची गळती आणि त्याची वायर गरम पाइपाला टेकली आहे का ते तपासा. कॅट बदलायची घाई नको.

गळती शोधायला इंजिन थंड असताना एका स्टॅकमध्ये ब्लोअरने हवा सोडा, दुसऱ्याचे तोंड कापडाने बंद करा आणि जोडांवर साबणाचे पाणी लावा. फुगे येतील तिथे गळती आहे.

प्रश्न : डिझेलसारखा काळा धूर काढता येईल का?

उत्तर : नाही. पेट्रोल इंजिन काळा धूर टाकत असेल तर जास्तीचे पेट्रोल जळत नाही आहे, आणि ते कॅटमध्ये जाऊन जळते. कॅटचा आतला भाग वितळतो आणि पाइप तुंबतो.

प्रश्न : पावसाचे पाणी इंजिनात जाईल का?

उत्तर : इंजिनापर्यंत सहसा पोचत नाही, पण मफलर मात्र आतून कुजतो. ५ इंची उघड्या तोंडात १०० मिमी पावसात सव्वा लिटर पाणी पडते, दोन्ही मिळून अडीच. शिवाय १ लिटर पेट्रोल जळले की साधारण १ लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते, आणि जवळच्या फेऱ्यांत पाइप पुरता तापत नाही म्हणून त्यातले काही आतच साचते. दोन्ही स्टॅकच्या खालच्या बेंडच्या तळाला एक सुताचे, म्हणजे ३ मिमीचे भोक पाडा. आतला पाइप असेल तर रिंग प्लेटलाही एक. ही भोके हौद्याखाली उघडली पाहिजेत. ती काजळीने बुजतात, सर्व्हिसिंगच्या वेळी तारेने मोकळी करा. तोंडावरचे उघडझाप करणारे झाकण पेट्रोलवर त्रास देते. गाडी उभी असताना धुराचा जोर त्याला उघडे धरायला पुरत नाही, मग ते टकटकत राहते. त्यापेक्षा मागच्या बाजूला वळवलेले तोंड बरे.

प्रश्न : २००० आरपीएमला केबिनमध्ये घुमते, बोलणे ऐकू येत नाही.

उत्तर : व्ही-८ मध्ये २००० आरपीएमला धुराचे धक्के सेकंदाला १३३ पडतात, आणि स्टॅकचे तोंड तुमच्या कानामागे आहे. जास्त मोठा मफलर हा एक उपाय. दुसरा, वायच्या आधी एका टोकाने बंद असलेली ३ इंची नळी बाजूला जोडणे. तिची लांबी ८० ते ९५ सेंमी येते. आधी लांब ठेवा, क्लॅम्पने बसवा, थोडी थोडी कापत गुणगुण कमी होईल तिथे थांबा.

प्रश्न : मागची खिडकी उघडली की धुराचा वास येतो. सवय होईल का?

उत्तर : सवय करून घेऊ नका, आज खिडकी बंदच ठेवा. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड डिझेलपेक्षा कितीतरी जास्त असतो, विशेषतः थंड इंजिन सुरू केल्यावर कॅट तापेपर्यंत. त्याला वास नसतो. तुम्हाला येतो तो अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा, म्हणून वास गेला म्हणजे धोका टळला असे नाही. धावत्या गाडीच्या केबिनमागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथला धूर काचेकडे ओढला जातो. स्टॅकचे तोंड छतापेक्षा २० ते ३० सेंमी उंच हवे आणि मागे वळलेले हवे. हौद्याच्या आत सरकते जोड ठेवू नका, तिथे पूर्ण वेल्डच पाहिजे. हे झाल्यावर केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवून, खिडकी उघडून अर्धा तास चालवून बघा. अलार्म वाजला किंवा आकडा शून्यावरून हलला तर खिडकी बंद करा आणि साबणाच्या पाण्याची परीक्षा पुन्हा पहिल्या जोडापासून घ्या.