बहिणीसाठी माझं रक्त गोठवून ठेवता येईल का?

प्रश्न : बहिणीला सहावा महिना लागलाय, बाळंतपणासाठी माहेरी परळीला आलीय. रक्त तपासलं तर म्हणे 'बॉम्बे' ग्रुप, आमच्याकडं कुणी हे नावच ऐकलं नव्हतं. माझ्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह आहे. रक्त गोठवून दहा वर्षं ठेवता येतं असं एकानं सांगितलं, मग माझं आत्ताच काढून ठेवावं का?
— एक भाऊ

उत्तर : दादा, आधी ते कार्ड बाजूला ठेवा आणि 'अँटी-एच' (ओ आणि बॉम्बे यांतला फरक दाखवणारं तपासणीचं द्रव्य) लावून तुमचा ग्रुप परत तपासून घ्या. हा ग्रुप 1952 मधे मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी दाखवला म्हणून त्याला हे नाव, पण साध्या तपासणीत तो ओ सारखाच दिसतो, त्यामुळं तुमचंही कार्ड चुकलेलं असू शकतं. आणि तुम्ही खरंच ओ असाल तर तुमचं रक्त बहिणीला अजिबात चालणार नाही, उलट जिवावर बेतेल, कारण बॉम्बेवाल्यांना फक्त बॉम्बेचंच चालतं. आईवडलांचे ग्रुप साधे असतील तर प्रत्येक सख्ख्या भावंडाचा हा ग्रुप असायची शक्यता चारात एक, म्हणून सगळ्या भावंडांना घेऊन जा, लग्न होऊन नांदेड-जालन्याला गेलेल्या बहिणींनाही बोलवा.

आता गोठवण्याचं. दहा वर्षांची गोष्ट खरी आहे, पण पिशवी उचलून फ्रीजरात टाकली असं ते नसतं. मी रक्तपेढीत असताना एका नातेवाईकानं भर उन्हाळ्यात पिशवी नेताना जेवायला थांबून ती हॉटेलच्या फ्रीजरात ठेवली, बिचाऱ्याला वाटलं चांगली राहील. पेशी फुटून सगळं काळपट पडलेलं, सिस्टरनं ओळखलं म्हणून पेशंट वाचला. पाण्याचा बर्फ होतो तसं उरलेल्या पाण्यातलं मीठ दाट होत जातं आणि पेशी मरते. लंडनमधे ऑड्री स्मिथ यांनी 1950 मधे दाखवलं की ग्लिसरॉल (म्हणजे ग्लिसरीन) घातलं तर तांबड्या पेशी यातून वाचतात. म्हणून रक्त काढल्यापासून साधारण 6 दिवसांच्या आत पेशी वेगळ्या करून त्यात 40 टक्क्यांपर्यंत ग्लिसरॉल हळूहळू मिसळतात आणि उणे 65 च्या खाली, बहुतेक उणे 80 डिग्रीला ठेवतात.

खरी कसरत बाहेर काढताना असते. पिशवी 37 डिग्रीच्या पाण्यात वितळवायची, पण तशीच चढवली तर पेशीतल्या ग्लिसरॉलमुळं पाणी आत घुसतं आणि भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी टरारून फुगून ती फुटते. म्हणून आधी 12 टक्के मिठाचं पाणी, मग 1.6, शेवटी 0.9 टक्के आणि थोडं ग्लुकोज असं उतरत उतरत धुतात. तासभर तरी जातो, काही पेशीही जातात. आणि साध्या पद्धतीनं धुतलेली पिशवी 24 तासांतच वापरावी लागते (बंद मशीनवर धुतली तर 14 दिवस). गावोगावच्या रक्तपेढीत ही सोय नसते, मुंबईहून परळी म्हणजे रात्रभराचा रस्ता, आणि बाळंतपणातलं रक्त जायला लागलं की तेवढा वेळ कुणाकडंच नसतो.

म्हणून मी तुम्हाला गोठवायच्या मागं लागू नका असंच सांगेन. साध्या फ्रीजमधे, 2 ते 6 डिग्रीला, तांबड्या पेशी 42 दिवस राहतात. तुम्ही किंवा एखादं भावंड बॉम्बे निघालं तर तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी रक्त द्या आणि ती पिशवी बहिणीच्या नावानं राखून ठेवायला लावा. सख्ख्या नात्यातलं रक्त रेडिएशन देऊनच चढवायचं असतं, हे डॉक्टरांना आठवणीनं विचारा, कारण ही सोयही सगळीकडं नाही. कुणीच निघालं नाही तर रक्तपेढीवाल्यांना बॉम्बे ग्रुपच्या दात्यांची यादी काढायला आत्ताच सांगा, आठव्या महिन्याची वाट बघू नका, आणि बाळंतपण जिथं रक्त हाताशी असेल तिथंच करा, घरापासून लांब पडलं तरी.

आणि बहिणीचं हिमोग्लोबिन किती आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. लोहाच्या गोळ्या पोटाला झोंबतात म्हणून ती सोडत असेल तर डॉक्टरांकडून बदलून घ्या.