हायब्रिड वॉरफेअर: 'छुपे युद्ध' म्हणावे की 'संकरित युद्ध'?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा ती मराठी माध्यमातून देणार आहे. सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या पेपरात अंतर्गत सुरक्षा येते आणि त्याचं वाचन निम्मं इंग्रजीत, निम्मं कानडीत चाललं आहे. ती विचारते: "हायब्रिड वॉरफेअरला 'छुपे युद्ध' लिहिलं तर चालेल का? 'संकरित' म्हटलं की वर्गात हसतात, आमच्याकडं हायब्रिड म्हणजे जोंधळा. आणि दहशतवादी, अतिरेकी, घुसखोर, शिवाय कानडी वर्तमानपत्रांतले उग्र आणि भयोत्पादक, हे सगळे एकच का?"

'छुपे युद्ध' चालणार नाही. तो शब्द प्रॉक्सी वॉरसाठी कधीच रुळला आहे. 'छद्मयुद्ध' लिहिलंत तरी अर्थ तोच. लढवणारा पडद्याआड आणि लढणारा दुसराच, एवढंच त्यातून कळतं. हायब्रिडमध्ये लपाछपी असेलच असं नाही. या शब्दाला आज जे वजन आहे ते बरंचसं फ्रँक हॉफमन या अमेरिकी अभ्यासकाच्या २००७ मधल्या निबंधामुळे, आणि त्यातलं मुख्य उदाहरण २००६ च्या लेबनॉन युद्धातल्या हिजबुल्लाचं. लेबनॉनमधली ही सशस्त्र संघटना इस्रायलशी उघडपणे ३४ दिवस लढली. तिच्या छोट्या तुकड्या गावांच्या आश्रयानं, भुयारांतून लढत होत्या, हे गनिमी वळणाचं झालं. पण त्याच तुकड्यांकडे रणगाडे फोडणारी क्षेपणास्त्रं होती, जोडीला स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी होती. १४ जुलैला तर तिनं बैरूतच्या किनाऱ्यासमोर उभी असलेली 'हानित' ही इस्रायली युद्धनौका जहाजविरोधी क्षेपणास्त्रानं टिपली. चार नौसैनिक मेले. नौकेवर क्षेपणास्त्र अडवणारी यंत्रणा होती, पण चालू नव्हती. असलं हत्यार सरकारी नौदलाकडे असतं, एखाद्या संघटनेकडे नसतं, असं धरून चालल्याचा हा परिणाम.

हॉफमनचा मुद्दा इथेच आहे. नियमित फौज आणि गनिमी टोळ्या एकाच बाजूनं, एकाच योजनेखाली, पण आपापल्या जागी लढतात, त्याला आधीपासून 'कंपाउंड वॉर' हे नाव होतं. व्हिएतनाममध्ये उत्तरेची फौज आणि दक्षिणेतले व्हिएतकाँग यांचं तसंच होतं. हायब्रिडमध्ये हा भेद खाली तुकडीच्या पातळीवरही उरत नाही. तोच माणूस, तेच गाव, त्याच दिवशी दोन्ही करतं.

म्हणून हसणाऱ्यांना जोंधळ्याचंच उत्तर द्या. दोन जातींचा जोंधळा एका पोत्यात ओतला तर ते मिश्रण. पाखडून, निवडून पुन्हा वेगळं करता येतं. संकर केला की बीच तिसरं निपजतं, त्यातून आई-बाप वेगळे काढता येत नाहीत. 'संकरित युद्ध' हा शब्द त्यामुळे नेमका आहे, आणि 'संमिश्र युद्ध' कंपाउंडसाठी राखून ठेवलेला बरा. सीमाभागात इथे हमखास घोळ होतो. कानडीत हायब्रिडला 'मिश्रतळी' म्हणतात. त्यातला 'तळी' म्हणजे वाण, आणि संकराचा अर्थ त्या 'तळी'त आहे. भाषांतर करताना आपण पहिला अर्धा उचलतो, दुसरा तिथेच ठेवतो आणि 'मिश्र युद्ध' लिहून मोकळे होतो.

एक अडचण मात्र खरी आहे. २७ फेब्रुवारी २०१४ ला कुठलंही चिन्ह नसलेल्या गणवेशातल्या रशियन सैनिकांनी युक्रेनच्या क्रायमिया प्रांताची राजधानी सिम्फेरोपोल इथली संसदेची इमारत ताब्यात घेतली. त्यानंतर हायब्रिड शब्दाचा अर्थ पसरत गेला. सायबर हल्ले, खोट्या बातम्या, गॅसचा पुरवठा तोडणं, निवडणुकीत लुडबुड, सगळं त्यात कोंबलं जाऊ लागलं. यातल्या बऱ्याच गोष्टींत गोळीही सुटत नाही. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनच्या वीज कंपन्यांच्या संगणकांत शिरून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज काही तास घालवली गेली. याला युद्ध म्हणावं का, यावर कायदेपंडितांचं एकमत नाही. अशा ठिकाणी 'संकरित युद्धतंत्र' लिहा, 'युद्ध' नको. तसंही वॉर म्हणजे युद्ध आणि वॉरफेअर म्हणजे ते लढण्याची रीत. युद्धापर्यंत न पोचणाऱ्या कुरापतींना 'ग्रे झोन' हा शब्द देवनागरीतच ठेवावा. 'राखाडी क्षेत्र' वाचून परीक्षकाला अर्थ लागणं कठीण.

गनिमी काव्याचं विचारलेलं नाही, पण तो या घोळात येतोच. गनिमी हा लढण्याचा ढंग आहे: दबा, छापा, पसार. कित्तूर संस्थानासाठी इंग्रजांशी लढलेल्या आणि नंदगडला १८३१ मध्ये फासावर गेलेल्या संगोळ्ळी रायण्णाची लढाई गनिमी होती. तिला हायब्रिड म्हणणं म्हणजे नव्या शब्दाची हौस. 'गेरिला' हा शब्द 'गनिमी'वरून इंग्रजीत गेला असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तो स्पॅनिश आहे. गेरा म्हणजे युद्ध, गेरिया म्हणजे छोटं युद्ध. नेपोलियनच्या फौजांशी स्पेनमध्ये १८०८ पासून जी लढाई झाली तिच्यातून तो पसरला. आपला गनीम म्हणजे शत्रू आणि कावा मुळात घोड्याला गोल फेर देणं. ध्वनी जुळतो एवढंच.

आता माणसांची नावं. 'दहशतवादी' हा शब्द हेतू सांगतो: लोकांत दहशत बसवून सरकारला किंवा समाजाला वाकवणं. यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या पंधराव्या कलमातही हेतू हाच कणा आहे. संयुक्त राष्ट्रांत मात्र सर्वमान्य व्याख्या अजून ठरलेली नाही. भारतानं १९९६ मध्ये मांडलेला सर्वंकष कराराचा मसुदा तिथेच अडला आहे. 'दहशतवादाची आंतरराष्ट्रीय व्याख्या अशी' असं वाक्य लिहिलंत तर गुण जातील. 'अतिरेकी' म्हणजे टोकाला गेलेला. पंजाबातल्या खलिस्तानी हिंसाचाराच्या दिवसांत मराठी पेपरांनी तो सरसकट वापरला, आता मागे पडला आहे आणि उत्तरात टाळलेला बरा. 'घुसखोर' फक्त सीमा ओलांडल्याचं सांगतो. आलेला कोण, कशासाठी आला, हे सांगत नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर बसलेल्यांना सुरुवातीला घुसखोर म्हटलं गेलं. पुढे स्पष्ट झालं की त्यात पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे शिपाई होते. तेव्हा कारगिलच्या उत्तरात 'दहशतवादी' लिहिणं चूकच. नियमित सैन्याला मुजाहिदांचा बुरखा घालायचा हीच पाकिस्तानची चाल होती, आणि तो एक शब्द ती चाल जशीच्या तशी मान्य करतो.

कानडीतलं 'उग्र' हे नाम आहे, तिथे ते थेट दहशतवाद्यालाच लावतात. मराठीत ते विशेषण: उग्र वास, उग्र चेहरा. 'उग्रांनी हल्ला केला' असं वाक्य निपाणी-चिकोडीकडच्या बोलण्यात सहज खपेल, पुण्याचा परीक्षक मात्र अडखळेल. 'भयोत्पादक'चंही तेच. मराठीत भयोत्पादक म्हणजे भीतिदायक, म्हणजे दृश्य भयोत्पादक असू शकतं, माणूस नव्हे. कानडीतल्या 'उग्रगामी'ला मराठीत 'उग्रवादी' चालतो, विशेषतः ईशान्येकडच्या सशस्त्र गटांबद्दल लिहिताना.

उत्तरात पहिल्यांदा 'संकरित युद्धतंत्र (हायब्रिड वॉरफेअर)' असं लिहा आणि पुढे फक्त मराठी शब्द वापरा. 'संकरित'मधला रि ऱ्हस्व आहे. बियाण्याच्या पिशव्यांवर तो दीर्घ छापलेला असतो, त्यावर जाऊ नका.