साताऱ्यातील २०१७ ची पेट्रोल कार ई-२० मुळे विकून सीएनजी कार घ्यावी का?

आपली गाडी २०१७ ची आहे, महिन्याला सुमारे ७०० किलोमीटर चालते आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलेच पेट्रोल (म्हणजे ई-२०) मिळते, म्हणून ती विकावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते एवढ्या कारणासाठी विकू नये. मी सांगलीत २०१४ ची पेट्रोल गाडी आजही वापरतो.

मायलेज कमी होते, हे खरे आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींच्या मायलेजमध्ये ६ ते ७ टक्के घट गृहीत धरलेली आहे. आपली गाडी लिटरला १८ किलोमीटर देत असेल, तर ती १७ च्या थोडी खाली येईल आणि महिन्याला अडीच ते तीन लिटर पेट्रोल जास्त लागेल, म्हणजे साधारण तीनशे रुपये. (आमचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथेच इथेनॉल बनवणारी डिस्टिलरी आहे, त्यामुळे मायलेजची तक्रार मी कोणत्या तोंडाने करतो, असे घरी मला ऐकवले जाते.)

खरी काळजी रबराची आहे. गेल्या पावसाळ्यात गाडी सुरू केली की पेट्रोलचा वास येऊ लागला. मेकॅनिकने बॉनेट उघडून इंधनाचा पाइप दोन बोटांत दाबून वाकवला, तेव्हा क्लिपजवळ केसासारख्या बारीक भेगा दिसल्या आणि बोट ओले झाले. दहा वर्षांचे रबर एरवीही कडक होते, त्यामुळे सगळा दोष मी इथेनॉलला देणार नाही. मात्र जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही, हेही तितकेच खरे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांमध्ये हे भाग ई-२० ला टिकणारे असतात. आपण पाइप, सील आणि गॅस्केट तपासून घ्यावेत, गरज असेल ते बदलावेत, आणि इथेनॉल ओलावा शोषून घेत असल्यामुळे गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी ठेवू नये.

सीएनजीचा हिशेब वेगळा आहे. आहे त्याच गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवण्याचा खर्च मला ६० हजारांच्या आसपास सांगितला गेला. पेट्रोल १०४ रुपये लिटर, गॅस ९० रुपये किलो आणि किलोला २५ किलोमीटर धरले, तर आपल्या ७०० किलोमीटरमध्ये महिन्याला साधारण पावणेदोन हजार वाचतात, म्हणजे किटचे पैसे वसूल व्हायला जवळजवळ तीन वर्षे लागतील. महिन्याला १५०० किलोमीटर चालणाऱ्याचे दीड वर्षाच्या आतच वसूल होतील. पूर्ण गाडी बदलल्यास खर्च याहून कितीतरी जास्त. शिवाय डिकीतली बरीचशी जागा सिलिंडर अडवतो, आणि चार माणसे बसवून पसरणी घाट चढताना गॅसवर गाडी ओढत नाही, तेव्हा पेट्रोलचे बटण दाबावेच लागते.

तरीही गॅसकडे वळायचे ठरलेच, तर किट मान्यताप्राप्त केंद्रातूनच बसवावे, त्याची नोंद आरसी बुकात करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. वापरलेली सीएनजी गाडी बघायला गेलात, तर आधी डिकी उघडून सिलिंडरच्या चाचणीची तारीख वाचावी. पाण्याच्या दाबाने होणारी ही चाचणी, म्हणजे हायड्रो टेस्ट, दर तीन वर्षांनी करावी लागते.