वडिलांची इलिओस्टोमीची (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं आहे) बॅग दुसऱ्याच दिवशी गळते. दुकानदार कॉन्व्हेक्स प्लेट घ्या म्हणतो, पण ती महाग आहे. घ्यावी का, आणि कोणती?

बॅग गळते म्हणजे बदलणाऱ्याचा हात धड नाही, असं तुमच्या घरात कुणी म्हणत असेल तर आधी त्याला गप्प बसवा.

आमच्याकडे ही कामगिरी नणंदबाईंची. सासूबाईंची बॅग मी बदलायची आणि त्या पुण्याहून फोनवर सांगायच्या, "वहिनी, तुम्ही नीट दाबत नाही." त्यांचा उपाय एकच, पेस्ट. गळली? अजून पेस्ट. अहो, पेस्ट म्हणजे डिंक नव्हे. ती खाचखळगे बुजवायला असते, जाड थर दिला की प्लेट, म्हणजे बॅगेचा कातडीला चिकटणारा भाग, उलट लवकर सुटते. सपाट प्लेटचा अख्खा खोकाही त्यांनीच पाठवला होता, स्वस्त पडला म्हणून.

सासूबाईंचा स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, कातडीच्या पातळीलाच होता आणि पोट सैल. तपासायला गेलं की सगळे त्यांना आडवं करून बघायचे, आणि आडव्या माणसाचं पोट सपाटच दिसणार. स्टोमा क्लिनिकच्या सिस्टरनी मात्र त्यांना स्टुलावर बसवलं, पुढे वाकायला लावलं. खालच्या अंगाला खोल घडी पडली आणि स्टोमा जवळजवळ त्यात बुडाला. मग त्यांनी काढलेली प्लेट उलटी करून दाखवली. बरोबर त्याच बाजूचा चिकट थर विरघळून फुगला होता. इलिओस्टोमीतून पातळ येतं, त्यात पाचक रस असतात. ते तिथून प्लेटखाली शिरत होतं आणि कातडी सोलवटत होती. यात माझ्या दाबण्याचा काय संबंध?

कॉन्व्हेक्स प्लेट पोटाच्या बाजूला फुगीर असते. ती भोवतालची कातडी दाबते, स्टोमा वर येतो आणि येणारं थेट बॅगेत पडतं. ढोबळ हिशेब असा: पोट मऊ, घड्यांचं असेल तर कडक कॉन्व्हेक्स, पोट घट्ट असेल तर मऊ. कडेला हुक असतील तर बेल्ट लावा, पण काचेल इतका नको. भोक स्टोमापेक्षा 2-3 मिमीच मोठं. ऑपरेशननंतर 6-8 आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून जुन्या मापाने कापत राहू नका. कित्येकांची गळती निव्वळ एवढ्यानेच थांबते, कॉन्व्हेक्स लागतच नाही.

किमतीचं म्हणाल तर रोज एक सपाट प्लेट फेकण्यापेक्षा तीन-चार दिवस टिकणारी परवडते. पण आधी एक-दोन सुट्या लावून बघा. खोका नंतर.

हो, एक राहिलं. स्टोमाशेजारी हर्निया असेल, लिव्हरच्या आजारामुळे भोवती शिरा फुगल्या असतील, जखम असेल किंवा ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर दुकानदाराच्या सांगण्यावरून कॉन्व्हेक्स लावू नका, सर्जनला किंवा स्टोमा सिस्टरना विचारा. लावल्यावरही प्लेट काढताना कातडी बघायची. काळानिळा वळ किंवा व्रण दिसला तर दाब जास्त होतोय.

आणि सोललेल्या प्लेटच्या मागच्या बाजूचा दर वेळी फोटो काढून ठेवा. सिस्टरना गळती कुठून होते ते लगेच कळतं, आणि फॅमिली ग्रुपवर टाकला की फोनवरच्या सूचनाही बंद होतात. आमच्या झाल्या.