माळ्यावरची पेटी साडेतीन लाखांना द्यावी का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. बोरिवलीचे एक वाचक, वय ४३, प्रायव्हेट नोकरी. त्यांचे वडील दिवसा एका ऑफिसात क्लार्क आणि संध्याकाळी चित्रकार, सत्तर ते नव्वदच्या काळात मुलांच्या मासिकांना आणि गोष्टींच्या पुस्तकांना चित्रं काढून द्यायचे, तीन वर्षांपूर्वी गेले. आता माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत १६० च्या आसपास ओरिजिनल चित्रं सापडलीत, त्यातली १८ एकाच पुस्तकाची आहेत, ते बाबांनी स्वतःच लिहिलेलं आणि स्वतःच रंगवलेलं, आता ते कुठेच मिळत नाही. एका डीलरने अख्ख्या पेटीचे ३,५०,००० देऊ केलेत, रविवारपर्यंत सांगा म्हणतोय, आणि एका कागदावर 'सर्व हक्कांसह' असं लिहून सही हवीय त्याला. होम लोन २२ लाख बाकी, ८.५ टक्के, ११ वर्षं. आई म्हणते विकू नकोस, बायको म्हणते माळा तरी मोकळा होईल.

तर बघा, रविवारची मुदत आधी डोक्यातून काढून टाका. चाळीस वर्षं पेटीत पडलेल्या कागदाला सोमवारी काही होत नाही. घाई डीलरला आहे, तुम्हाला नाही.

आता लोनचं गणित, कारण तुमचा खरा मोह तो आहे आणि तो काही चुकीचा नाहीये. तुमचा हप्ता २५,७०० च्या आसपास असणार. त्यात आज साडेतीन लाख एकदम भरले आणि हप्ता तोच ठेवला तर साधारण ३१ हप्ते कमी होतात, म्हणजे साडेचार लाखांच्या आसपास व्याज वाचतं. फ्लोटिंग रेटचं लोन असेल तर प्रीपेमेंटला दंडही नाही. हा आकडा छोटा नाहीये, मी पण दोनदा कॅलक्युलेटर मारला. पण थांबा, ही पेटी तुमची एकट्याची आहे का? बाबांनी विल केलं नव्हतं असं तुम्हीच लिहिलंय आणि एक बहीण पुण्याला आहे. मग पेटीत आईचा, बहिणीचा आणि तुमचा सारखा वाटा, प्रत्येकी १,१६,००० च्या जवळपास, आणि तेवढेच भरले तर हप्ते कमी होतात ११. शिवाय सही तिघांची लागेल, एकट्या तुमच्या सहीवर विकली आणि उद्या ताईने विचारलं तर साडेतीन लाखांपायी भाऊबीज जाईल.

दुसरं, ३,५०,००० भागिले १६०, म्हणजे चित्राला बावीसशे रुपये पण नाही पडत. चांगला माउंट आणि काच घालून फ्रेम करायला गेलात तर तेवढे सहज जातात हो. म्हणजे तो तुम्हाला फ्रेमचा भाव देतोय आणि चित्र फुकट नेतोय.

आता तुम्ही सोबत जी बातमी पाठवलीय त्याबद्दल, कारण ती वाचूनच घरात सगळ्यांचे डोळे मोठे झालेत असं दिसतंय. बातमी खरी आहे. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचं मूळ वॉटरकलर, थॉमस टेलर नावाच्या तेव्हा २३ वर्षांच्या पोराने काढलेलं, जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला सदबीज ह्या लिलाव कंपनीच्या लिलावात १९.२ लाख डॉलरला गेलं. हेच चित्र २००१ मध्ये लंडनला ८५,७५० पाउंडला विकलं गेलं होतं. म्हणजे पाउंडात मोजलं तर २३ वर्षांत साधारण सतरा-अठरा पट. आता ह्याच काळात आपला सेन्सेक्स बघा, २००१ च्या मध्याला साडेतीन हजारच्या खाली होता आणि जून २०२४ ला ७८ हजारांच्या वर, बावीस पट. पाउंड रुपयापुढे महाग झाला ते धरलं तर चित्र थोडं पुढे जातं, डिव्हिडंड धरला तर सेन्सेक्स बरोबरीला येतो, आणि त्या १९.२ लाखांतला ऑक्शन हाऊसचा कट वेगळाच. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या मुलांच्या पुस्तकाचं पहिलं मुखपृष्ठ, आणि रिटर्न किती, तर साध्या इंडेक्स फंडाइतका, तोही कोणतं पुस्तक गाजणार हे आधीच माहीत असतं तर! म्हणून मी कुणालाच चित्रं 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून घ्यायला सांगत नाही. तुमच्या नेटवर्थच्या शीटमध्ये पेटीसमोर आज शून्य लिहा. जे येईल ते वरचं.

मग ह्या चित्रांना किंमत का येते, हे समजून घेणं जास्त कामाचं आहे. मोठ्यांच्या पुस्तकातलं चित्र आपण एकदा बघतो. पण सात वर्षांचं पोर एकच पान शंभरदा बघतं, ताप आला की तेच पुस्तक, लाइट गेले की तेच, ससा कुठे लपलाय ते पाठ असूनही पुन्हा बोट ठेवून दाखवतं. ती रेघ डोक्यात कोरली जाते. आणि मग पन्नाशीत कधीतरी तो मूळ कागद समोर येतो, छापलेल्या पुस्तकापेक्षा दुप्पट मोठा, सशाचा कान आधी वेगळा काढून पांढऱ्या पोस्टर कलरने झाकलेला, कडेला छपाईचा ब्लॉक करणाऱ्यासाठी पेन्सिलने लिहिलेलं माप, कोपऱ्यात चहाचा डाग, तेव्हा त्या माणसाला कळतं की हे कुणीतरी बसून हाताने केलं होतं. तो पैसे देतो ते ह्याला. मला स्वतःला लहानपणीच्या एका पुस्तकातल्या विहिरीचं चित्र अजून डोळे मिटून दिसतं, चित्रकार कोण ते माहीत नाही, पुस्तक आईने रद्दीत दिलं, आणि ते चित्र कुणी समोर आणलं तर माझं सगळं फायनान्शियल प्लॅनिंग गुंडाळून मी पर्स काढेन हे कबूल करते.

पण ह्यातच एक अडचण आहे, आणि डीलरला ती बरोबर माहीत असते. सोन्याला वय नसतं, ह्या चित्रांच्या गिऱ्हाइकाला असतं. मुलांचं 'किशोर' मासिक १९७१ मध्ये सुरू झालं, ७५ साली ते वाचणारं दहा वर्षांचं पोर आज साठीला आलंय. त्याच्याकडे आत्ता पैसा आहे, आठवण आहे आणि रिकामी भिंत पण आहे. अजून वीस वर्षांनी त्याची मुलं तेच घर रिकामं करत असतील आणि त्यांना ह्या सशाचं काही नसेल. म्हणून 'ठेवून देऊ, भाव वाढेल' हे जे तुमच्या मेव्हण्यांनी सांगितलं ते मला पटत नाही. एक अपवाद आहे, पुस्तक पोरांच्या हातात राहिलं तर. 'विनी द पू' ह्या मुलांच्या इंग्रजी पुस्तकातल्या जंगलाचा, चित्रकार शेपर्डने काढलेला मूळ नकाशा १९२६ चा, तो २०१८ मध्ये ४,३०,००० पाउंडला गेला. ९२ वर्षांनी! ते पुस्तक पहिल्यांदा आलं तेव्हाची पोरं तर म्हातारी होऊन गेलीसुद्धा, पण पुस्तक छापणं कधी थांबलं नाही, त्यामुळे दर पिढीला नवीन गिऱ्हाईक तयार होत गेलं.

तुमच्याकडे त्या १८ चित्रांचं पुस्तक आहे, लिहिलेलं पण बाबांनी आणि काढलेलं पण बाबांनी, आणि म्हणूनच तो 'सर्व हक्कांसह' वाला कागद मला डीलरच्या चेकपेक्षा जास्त खटकला. कागद विकणं आणि हक्क विकणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र विकलं तरी ते पुन्हा छापायचा हक्क आपोआप जात नाही, तो लेखी द्यावा लागतो, आणि तेच तो तुमच्याकडून लिहून घेतोय. चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे तुमच्या मुलीच्या म्हातारपणापर्यंत. उद्या त्याने त्यातून कॅलेंडरं, मग, टी-शर्ट, पोरांच्या डब्यांवरचे स्टिकर काढले तर तुम्ही फक्त बघत बसणार. सही करू नका.

इथे एक मेख आहे, ती पण सांगते. प्रकाशकाने पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं चित्र असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल तर आपल्या कायद्यात पहिला हक्क प्रकाशकाकडे जाऊ शकतो. म्हणजे मासिकांच्या त्या १४० चित्रांचा हक्क कदाचित बाबांकडे नव्हताच. पेटीत जुनी पत्रं, व्हाउचर, मनिऑर्डरच्या पावत्या असतील तर त्यातलं काहीही फेकू नका. ज्यात पहिला हक्क बाबांचाच होता त्या चित्राबाबत अजून एक कमी लोकांना माहीत असलेली तरतूद आहे, चित्र पुढे दहा हजारांपेक्षा जास्तीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना त्यात हिस्सा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. प्रत्यक्षात तो वसूल करणं सोपं नाहीये, पण कागदावर आहे, आणि तुम्हाला ते माहीत आहे असं डीलरला कळलं की त्याचा बोलण्याचा सूर बदलतो.

मूळ चित्रं परत आपल्याच ताब्यात आली पाहिजेत म्हणून जपानमध्ये चिहिरो इवासाकी नावाची चित्रकार प्रकाशकांशी भांडली, त्या काळी तिकडेही चित्रं प्रेसमध्येच राहायची. १९७४ ला ती गेली तेव्हा मागे नऊ हजारांहून जास्त चित्रं होती आणि १९७७ मध्ये टोकियोच्या तिच्या घराच्या जागी म्युझियम उभं राहिलं. तुम्ही बोरिवलीच्या वन बीएचकेचं म्युझियम करा असं म्हणत नाहीये मी, पण तुमच्या बाबांनी त्या काळात प्रेसमधून चित्रं परत आणून जपून ठेवली हे साधं काम नव्हतं, आपल्याकडे ढिगांनी चित्रं छापून झाल्यावर टाकून दिली गेली.

टॅक्सचं पटकन सांगते. घरातलं साधं सामान विकलं तर नफ्यावर कॅपिटल गेन टॅक्स लागत नाही पण चित्रांना लागतो, २४ महिन्यांच्या पुढे १२.५ टक्के, इंडेक्सेशन म्हणजे महागाईची वजावट नाही. वारसाहक्काने आली तेव्हा टॅक्स नाही. चित्रं २००१ च्या आधीची असल्यामुळे १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते का, ते व्हॅल्युएशन करून सीएला विचारा. विक्री तिघांच्या नावाने वाटली गेली तर आईच्या वाट्याला कदाचित टॅक्स लागणारच नाही.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? अख्खी पेटी दिली नसती आणि अख्खी ठेवलीही नसती. ती १८ चित्रं बाजूला, तो संच फोडायचा नाही. सुटं चित्र लवकर विकलं जातं हे खरं, पण पुस्तकाचा पूर्ण संच असेल तरच कुठलाही प्रकाशक किंवा संस्था बोलायला बसते. चांगले स्कॅन करून घ्या, ६०० डीपीआयला, आणि मुलांची पुस्तकं करणाऱ्या दोन-तीन मराठी प्रकाशकांना नमुने पाठवा. रॉयल्टी फार येणार नाही, वर्षाला एखादा हप्ता निघाला तरी पुष्कळ. पण पुस्तक परत पोरांच्या हातात गेलं तर बाकीच्या चित्रांनाही नाव मिळेल. उरलेल्या १४० मधली तिघांनी आपापल्या आवडीची ठेवा, आणि तीस-चाळीस, मुख्यतः मुखपृष्ठं आणि रंगीत, पुढच्या दोन वर्षांत थोडी थोडी विका, फक्त कागद, हक्क नाही, तसं बिलावर लिहून. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर ह्या चित्रकारांसारखं नाव झालेलं नाहीये तुमच्या बाबांचं, त्यामुळे मोठ्या ऑक्शन हाऊसकडे जाऊन निराश होऊ नका, तिथे कमिशन पण तगडं असतं आणि त्यांना हुसेन हवे असतात. त्यापेक्षा काळा घोड्याच्या आसपासच्या दोन छोट्या गॅलऱ्या आणि जुनी मासिकं जमवणारे लोक, असं वेगवेगळं विचारून बघा. ह्याच डीलरलाही त्यातली दहा दाखवा, एकेकाचा भाव विचारा, मजा येईल. एकाच वेळी सगळी बाजारात काढू नका, गिऱ्हाईक मोजकं आहे, भाव पडेल.

आणि जे पैसे येतील त्यातून आधी लोन नाही. तुमच्या बँकेत एकूण ९०,००० आहेत असं लिहिलंय, हप्ता २५,७०० चा, म्हणजे नोकरी गेली तर घरखर्च धरून तीन महिनेसुद्धा धड निघणार नाहीत. पहिले पैसे तिथे. लोन बोनसमधून कमी करा, दर वर्षी एक जादा हप्ता.

वहिनींचं माळ्याबद्दलचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर. पत्र्याची पेटी, वर स्लॅब, मुंबईचा पाऊस, त्या कागदांना ह्याहून वाईट जागा नाही. कसर आणि बुरशी डीलरपेक्षा स्वस्तात घेऊन जातील. कपाटात हलवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या नाही, ॲसिड-फ्री फोल्डर आणा, सिलिका जेल ठेवून दर पावसाळ्यात बदला, सेलोटेप नाही, आणि हात जोडून सांगते लॅमिनेशन नाही. काही चित्रांना बुरशी लागलेली दिसलीच तर स्वतः पुसू नका, फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे, तिथे विचारा.

पेटी खाली काढाल तेव्हा आईंना शेजारी बसवा. कुठलं चित्र कुठल्या गोष्टीचं, कुठल्या वर्षीच्या अंकातलं, हे आता फक्त त्यांनाच माहीत असणार, आणि गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं. सांगतील ते प्रत्येक चित्राच्या मागे कोपऱ्यात लिहा, पेन्सिलने, पेनाने नको.