माझ्याकडून प्रार्थनाच होत नाही

“मॅडम, माझ्याकडून आता प्रार्थनाच होत नाही, देवाने मला टाकले असेल का?” हा प्रश्न ख्रिस्ती कुटुंबांतील माणसे मला अनेकदा, आणि बहुधा खालच्या आवाजात, विचारतात. नगर जिल्ह्यातील पन्नाशीच्या एक बाई तो घेऊन आल्या (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत), तेव्हा त्यांच्या यजमानांचे डायलिसिस सुरू होऊन आठ महिने झाले होते. आठवड्यातून तीनदा, दर खेपेस चार तास त्या वॉर्डाबाहेरच्या खुर्चीवर बसून असत. पूर्वी पहाटे उठून तासभर शास्त्रवाचन (बायबलचे वाचन) आणि प्रार्थना करणाऱ्या बाईंना आता दोन वचने वाचली की डुलकी लागे. आणि मंडळीतील (चर्चमधील) कुणी ‘विश्वास कमी पडतो आहे’ असे म्हटले, की त्या रात्री मात्र डोळ्याला डोळा लागत नसे.

पहिल्या भेटीत मी प्रार्थनेचा विषयच काढला नाही. झोप, भूक आणि जगणे नकोसे वाटते का, एवढेच विचारले. कारण खोल नैराश्यातही प्रार्थना सुटते आणि तिथे उपदेशाआधी डॉक्टर हवा. त्यांचे तसे नव्हते, त्या थकल्या होत्या. बायबलमधला एलीया संदेष्टा मरण मागून झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला भाकर आणि पाणी दिले व पुन्हा निजू दिले, जाब विचारला नाही, याची मी त्यांना आठवण दिली.

पुढच्या भेटीत आम्ही बायबलमधले १३वे स्तोत्र वाचले. जेमतेम सहा वचने. त्यातल्या पहिल्या दोनांत ‘कुठवर?’ असा सवाल चार वेळा येतो. “देवाला असे बोललेले चालते?” त्यांनी दचकून विचारले. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही ते शास्त्रात आहे, असे मी म्हणाले. (लांबलचक प्रार्थनांचे आपल्या मंडळ्यांत जरा जास्तच कौतुक होते, असे माझे स्पष्ट मत आहे.)

यजमानांना पाणी मोजूनच द्यायचे असल्याने बाई दिवसभराचे पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवत आणि लहान पेल्याने थोडे थोडे देत. तोच पेला आम्ही उपासनेची वेळ म्हणून धरला: पेला भरताना एकच वचन म्हणायचे, आणि तेही सुचले नाही तर गप्प राहायचे, कारण आपल्याला शब्द सापडत नाहीत तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात लिहिले आहे.

दीड महिन्याने त्या आल्या, तेव्हा पहाटेचा तास परतलेला नव्हता. महिला मंडळाला तूर्त येणार नाही, असे त्यांनी पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) स्वतःच सांगितले होते, आणि वर म्हणाल्या होत्या, “मंडळातल्या एकीला शुक्रवारी वॉर्डाबाहेर बसायला पाठवा, म्हणजे मी घरी जाऊन दोन तास झोपेन.”